मांजराच्या पाण्यातली तुरटी
तुरटीचा खडा हातात आला की स्टुटगार्टमधला साठ सालानंतरचा एक रखरखीत उन्हाळा आठवतो. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. अंगणात एक बेवारशी मांजर धापा टाकत होतं. मी वाडग्यात पाणी घेतलं, माहेरच्या सवयीने त्यात तुरटी फिरवली. वरच्या खिडकीतून घरमालकीण ओरडली, "पाण्यात काय घातलंत? विष? आजच खोली रिकामी करा!" आम्हां परदेशी माणसांना दुसरी खोली कुणी दिली नसती. मी तिच्यादेखत निम्मं पाणी प्यायले, उरलेलं मांजराला दिलं. तिने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच वाडगा घासून, गार पाण्याने भरून ठेवला. मांजर धावत आलं. मी त्याला पायाने अडवलं आणि आधी पाण्याचा वास घेतला. ती खिडकीतून बघत होती. बघू दे, म्हटलं. आजही तेच म्हणेन.