दुर्बीण माझ्याकडे नव्हती

वर्षा मॅडमनी माझी बॅग जेवणाच्या टेबलावर उपडी केली.

टेबल अजून पुसलेलं नव्हतं. सकाळच्या पावाचा चुरा, जॅमचे डाग. त्यावर माझे दोन ड्रेस पडले. टॉवेल पडला. आतले कपडे पडले. आयने बांधून दिलेली लसणीच्या चटणीची पुडी फुटली आणि वास सुटला. कुणीतरी हसलं.

समोर बारा मुलं उभी होती. नववी-दहावीची. मी त्यांना जीवशास्त्र शिकवत होते.

मॅडमनी बॅगेचा आतला कप्पा चाचपला. बाजूचे खिसे उलटे केले. मग म्हणाल्या, "हात वर कर जरा. जॅकेट बघते."

मी हात वर केले.

जर्मनीतल्या डोंगरातल्या एका लहान गावात, मुलांच्या वसतिगृहात, सकाळी साडेनऊ वाजता मी हात वर करून उभी राहिले. कुणी बंदूक रोखली नव्हती. मॅडमनी सांगितलं आणि हात वर गेले.

वसतिगृह चालवणारी हेल्गा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची दुर्बीण हरवली होती. "नो, नो," ती म्हणत होती, "नॉट नेसेसरी." मॅडम तिच्याकडे बघून हसल्या आणि माझे खिसे चाचपत राहिल्या.

दुर्बीण मिळाली नाही. माझ्याकडे नव्हतीच. मी कपडे गोळा करायला लागले. तेवढ्यात मागून समीना बोलली. रोह्याची मुलगी, वडील कुवेतला. वर्गात फारसं तोंड न उघडणारी.

"मॅडम, आता आमच्या बॅगा?"

"तुमच्या कशाला?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही चांगल्या घरची मुलं."

माझं घर रोह्याच्या पुढे, नदीकाठच्या वाडीत. आम्ही कातकरी. बा आणि आय कोळशाच्या भट्टीवर जायचे. दसऱ्यानंतर वाडी रिकामी व्हायची. मी मागे राहिले ती आश्रमशाळेमुळे. तिथून रोह्याचं कॉलेज, एम.एस्सी., बी.एड. मग पेणच्या एका इंग्रजी शाळेत नोकरी. दर वर्षी नवा करार. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांना अहो-जाहो करायचे. मला वर्षा मॅडम "तू" म्हणायच्या. त्या उपमुख्याध्यापिका. मी स्वतःला समजवायचे, मायेने म्हणत असतील.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना तीन आठवडे जर्मनीला न्यायचं ठरलं. तिकडच्या एका शाळेशी देवाणघेवाण होती. मुलींबरोबर दुसरी शिक्षिका हवी होती. जी जाणार होती तिच्या सासूचं ऑपरेशन निघालं. मग माझं नाव आलं. त्या बारा मुलांतल्या आर्याचे वडील शाळेच्या ट्रस्टवर होते. डोलवीच्या कारखान्याला माणसं पुरवायचं त्यांचं कंत्राट. ते म्हणाले, "आदिवासी शिक्षिका पाठवू. पेपरला बातमी चांगली होईल." हे मला मॅडमनीच सांगितलं. कौतुकानं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार वाडीत आला तेव्हा तीन घरची माणसं कुंपणामागून पळाली. त्यांना वाटलं, कुठंतरी चोरी झाली. हवालदार बिचारा चांगला होता. "अरे, तुमची पोरगी विमानात बसणार हाय," असं ओरडत राहिला. दोघं संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. आम्ही हसलो होतो त्या दिवशी.

विमानात बसले. उतरल्यावर बसमध्ये एका मुलाला उलटी झाली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पुसलं. मुलांचं करायला लाज कसली. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःचे कपडे माझ्या पलंगावर आणून ठेवले, धुवायचे म्हणून. मी धुतले. तिकडच्या शाळेत ओळख करून देताना माझ्या वेळी म्हणाल्या, "आणि ह्या मुलींच्या मदतीला." शिक्षिका हा शब्द आलाच नाही. फोटो काढताना कॅमेरा माझ्या हातात. तीन आठवड्यांच्या फोटोंत मी कुठेच नाही, कारण सगळे मीच काढलेत.

मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण करार जूनमध्ये संपत होता.

हेल्गा मात्र वेगळी. साठीची, उंच, इंग्रजी मोडकं. माझंही तसं मोडकंच. मुलं उठायच्या आधी ती खिडकीशी दुर्बीण घेऊन बसायची. खाली ओढा होता. तिसऱ्या सकाळी तिने मला हाक मारली आणि दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. काठावरच्या फांदीवर निळा खंड्या. आमच्या नदीवर बसतो तोच. मी त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. हेल्गा माझ्याकडे बघतच राहिली.

"यू आर अ टीचर?"

"येस. बायोलॉजी."

तिने माझा हात धरून हलवला. त्यानंतर रोज सकाळी अर्धा तास आम्ही खिडकीशी. दुर्बीण तिच्या नवऱ्याची होती, तो गेला होता. कातडी पट्टा त्याच्या हाताने घासून काळा झालेला. बा पाखरं पकडायला फास कसे लावायचा ते मी तिला हातवारे करून सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती खो खो हसली.

म्हणून दुर्बीण हरवली तेव्हा मॅडमना फार विचार करावा लागला नाही. सगळ्यात जास्त ती कुणी हाताळली? मी. आणि मी कोण?

झडतीच्या दुसऱ्या दिवशी समीना कपडे वाळत घालायच्या खोलीत आली. दार लावलं. "मिस, माझं नाव सांगू नका. आर्याच्या सुटकेसमध्ये आहे. गंमत म्हणून घेतली. आता घाबरलीय."

मी मॅडमकडे गेले. कुणी सांगितलं ते त्यांनी तीनदा विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी आर्याला बोलावलं. ती लगेच रडायला लागली. दुर्बीण मोज्यात गुंडाळलेली होती.

मला वाटलं, संपलं. मॅडम आता माझी माफी मागतील. खरंच वाटलं मला.

मॅडमनी आर्याला बाहेर पाठवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"तू सांग हेल्गाला. तुझ्याकडे राहिली होती, चुकून."

मी दुर्बीण मोज्यातून सोडवायला लागले.

"पोरीला इथे पुढे शिकायला यायचंय. तिच्या नावावर डाग कशाला? तुला काय, तू परत थोडीच इथे येणार आहेस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तुझ्याबद्दल कुणाला नवल वाटणार नाही."

समोर जून दिसत होता, करार दिसत होता. परका देश, तिकीट मॅडमच्या पर्समध्ये, पासपोर्टसुद्धा त्यांच्याच पर्समध्ये. ओरडावं तर कुणाजवळ? कुठल्या भाषेत?

संध्याकाळच्या जेवणाआधी मी दुर्बीण हेल्गासमोर ठेवली. सगळी मुलं बसली होती. म्हणाले, "इट वॉज विथ मी. बाय मिस्टेक."

हेल्गाने पट्ट्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. "ओके," म्हणाली. पुढच्या पाच सकाळी मला खिडकीशी हाक आली नाही. भांड्यांच्या कपाटाला कुलूप दिसलं. आधी कधी नव्हतं.

आर्याने सुटकेचा निःश्वास सोडला. बाकीची मुलं ताटात बघत होती. समीना माझ्याकडे बघत होती. सरळ. एवढ्या धाडसाने जिने खरं सांगितलं, तिच्यासमोर तिची शिक्षिका खोटं बोलली. झडतीच्या वेळी मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं. पण तेही गिळलं.

पेणला आलो. शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात बोलावलं. आर्याचे वडील खुर्चीत, बाजूला वर्षा मॅडम. तिकडच्या शाळेने पत्र पाठवून विचारलं होतं, वसतिगृहात नेमकं काय घडलं? पुढच्या वर्षीची देवाणघेवाण त्यावर अडली होती. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. मी दुर्बीण परवानगी न घेता घेतली, मला पश्चात्ताप आहे, शाळेचा याच्याशी संबंध नाही. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

"चार ओळी आहेत," आर्याचे वडील म्हणाले. "सही करा. कराराचंही बघू."

"चुकून" हा शब्दसुद्धा कागदात उरला नव्हता.

"वाचून उद्या देते," एवढंच मला जमलं.

कागद घेऊन मी एस.टी.ने रोह्याला गेले. नागोठण्यापर्यंत ठरवत होते, सही करायची. दुसरं काय करणार? वाडीत पोचले तर बा एकटाच अंगणात जाळं शिवत होता. आय धाटावला बांधकामावर गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं. आर्या, दुर्बीण, झडती. हात वर केले तेही सांगितलं.

बाने जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "काय लिवलंय त्यात?"

मी मराठीत सांगितलं.

"गावात एक तांब्याचा हंडा गेला होता," बा म्हणाला. "तू पोटात होतीस. मला चौकीत नेला. तीन दिस बसवला. मग कागद आनला. साहेब म्हनला, अंगठा दे न घरला जा. मी दिला. हंडा मागाहून मालकाच्याच हिरीत घावला. पन माझा अंगठा कागदावर ऱ्हायला गो. त्याच्यामागे कुठं पन काय गेलं की पयले माझ्याकडं."

एवढ्या वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. मी रडायला लागले.

"रडतंस कशाला? मला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "तुला येतं. मग?"

त्याने जाळं उचललं आणि शिवायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कागद परत टेबलावर ठेवला. कोरा. म्हणजे सही नसलेला.

"मी सही करणार नाही. दुर्बीण मी घेतली नाही."

"मग तिथे कबूल का केलंस?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत म्हणून. आणि मी घाबरले म्हणून."

"कुणाशी बोलतेयस तू?"

"मॅडम, मला तुम्ही म्हणा."

त्यांनी समजावलं, मग धमकावलं. आर्याचे वडील म्हणाले, "तुमच्या लोकांचं भलं करायला जावं तर हे असं." मी माझा कागद पुढे केला. त्यात झडतीपासून सगळं लिहिलं होतं, मॅडमची वाक्यं जशीच्या तशी. समीनाचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी तो घेतला नाही. मी एक प्रत तालुक्याच्या शिक्षण विभागात दिली, एक तिकडच्या शाळेला पाठवली, एक हेल्गाला.

आठवड्याने वेळापत्रक लागलं. त्यात मी नव्हते. जीवशास्त्राला नवीन सर.

त्या रविवारी समीनाच्या घरी गेले. तिची अम्मी बाहेर आली, "या, बसा," म्हणाली. समीना दाराला धरून उभी. मी म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. तू खरं बोलली होतीस. मला हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं."

"मला माहीत होतं, मिस," ती म्हणाली. मग विचारलं, "तुम्ही शाळेत परत येणार?"

"नाही."

ती आत निघून गेली.

हेल्गाचं उत्तर आलेलं नाही. तिकडच्या शाळेचं नाही. शिक्षण विभागात दोनदा जाऊन आले. साहेब मीटिंगला होते. आर्या दहावीत आहे आणि शाळेच्या फलकावर जर्मनीच्या फोटोत मधोमध उभी आहे. तो फोटोही मीच काढलाय.

मी नोकरी शोधतेय. दोन शाळांत मुलाखत झाली. दोन्हीकडे विचारलं, "आधीची शाळा का सोडली?" घरगुती कारण सांगता आलं असतं. सगळे तेच सांगतात. मी सांगितलं, माझी झडती घेतली, न केलेल्या चोरीवर सही मागितली, मी दिली नाही. दोन्हीकडून फोन आला नाही.

सोमवारी तिसरी मुलाखत आहे. तिथेही विचारतील. तिथेही हेच सांगणार.