चुगलखोर पट्टा

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला संधिवात आहे. दुखेल म्हणून मी तिला कशालाच हात लावू देत नसे. साधा तांब्या उचलला तरी ओरडायचे. सोलापुरातल्या डॉक्टरांनी तिच्या मनगटावर एक पट्टा बांधला, हात दिवसभरात किती हलतो याची नोंद ठेवणारा. महिन्याने ती नोंद बघून ते म्हणाले, "मनगट छान मोकळं झालंय. रोज संध्याकाळी सहाला कोणता व्यायाम घेता?"

सहाला मी ऑफिसातच असते. लेक मान खाली घालून बसली होती. घरी आल्या आल्या मी सासूबाईंवर कडाडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाकरी थापती की ती. भाजती मी. गरम पाण्यात पीठ मळलं की बोटं मोकळी व्हत्यात तिची."

भांडायला म्हणून उभी राहिलेली मी तिथंच खाली बसले. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग आठवलं. महिनाभर ताटात जाड, वाकड्या भाकरी येत होत्या. "आई, तुमचा हात आता पहिल्यासारखा चालत नाही," असं मी रोज म्हणत होते आणि सासूबाई निमूट ऐकून घेत होत्या.