खानाचे डोळे

माझे वडील जूचंद्रच्या आमच्या आळीतल्या रांगोळी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि सगळं गाव त्यांना पाठीमागे खान म्हणायचं. त्याला कारणही ते स्वतःच. वसईच्या वाचनालयातून त्यांनी मध्य आशियाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यातल्या कोकंद नावाच्या राज्याच्या खानाने त्यांना असं काही धरलं की आमची लहानपणची बरीचशी जेवणं त्या खानाबरोबरच झाली. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस. पोरवयात गादीवर बसला. भावाने हाकलला, तो परत आला. पुन्हा हाकलला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा गादीवर बसल्यावर त्याने रंगीत फरशांचा मोठा महाल बांधला. गोष्ट नेहमी या महालापाशी थांबायची. पुढे काय झालं विचारलं की बाबा म्हणत, "भात थंड होतंय, जेवा."

बाकी इतिहासात ते कुणाला सूट देत नसत. माझ्या गुरुजींनी एका लढाईची जागा चुकीची सांगितली म्हणून बाबांनी त्यांना भर पालकसभेत दुरुस्त केलं. पुढे कितीतरी दिवस मी वर्गात मागच्या बाकावर तोंड लपवून बसत होते.

मंडळातही त्यांचं राज्य तसंच. दोनदा त्यांना अध्यक्षपदावरून काढलं आणि दोनदा परत बोलावलं, कारण डोळे त्यांच्यासारखे कुणालाच जमत नसत. दिवाळीच्या प्रदर्शनात माणसाएवढे चेहरे रांगोळीत काढायचे. बाकीच्यांनी सगळं चित्र भरायचं आणि डोळे शेवटी बाबांनी, ही रीतच पडली होती. खानाने म्हणे काट्याकुट्यांवर आणि लव्हाळ्यावरसुद्धा कर बसवला होता. बाबांनी खोकण्यावर बंदी घातली. पंखा बंद, गप्पा बंद, नट-नट्यांची चित्रं बंद. पोरं वैतागली नसती तरच नवल.

तिसऱ्या खेपेला त्यांना काढायला बैठकीत हात वर झाले तेव्हा त्यात माझ्या भावाचाही हात होता. बाबा चपला घालून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन विरारला माझ्या फ्लॅटवर आले. "चार दिस राहतंय," म्हणाले, आणि पावसाळा संपला तरी राहिले.

गॅलरीत बसून ते समोरच्या इमारतीच्या टाक्या बघत. चपला कुठे काढायच्या, अंघोळ कधी करायची, सगळं विचारून करत. जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडणारा माणूस माझ्या घरात पाहुण्यासारखा वागतोय, याचा मला फार राग यायचा. कुणाचा ते मात्र कळत नसे.

एका दुपारी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. मध्येच ते म्हणाले, "त्याच्या पोरानंच बंड केलं त्याच्यावर." कुणाच्या ते मला विचारावं लागलं नाही. खान महाल सोडून रशियनांकडे पळाला. त्यांनी त्याला दूर थंड मुलखात नेऊन ठेवलं. तिथून निसटून तो मक्केला गेला आणि मग घराकडे वळला.

"मग?"

"वाटंतच मेला. घर काय दिसलं नाय त्याला."

एवढं सांगून बाबा काड्या कागदात गोळा करायला लागले. ते झोपल्यावर मी भावाला फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर तो दारात येऊन उभा राहिला. बोटं रंगाने माखलेली.

"बाबा, डोले राहिलेत. कुनाला जमत नाय."

"कुनाचे?"

"खानाचे."

बाबा उठले आणि पिशवी शोधू लागले. ती मीच माळ्यावर टाकली होती.

शाळेच्या हॉलमध्ये खान पसरला होता. केसाळ टोपी, भरजरी झगा, काळी दाढी, आणि डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या खाचा. बाबा मांडी घालून बसले. कुणीतरी न सांगता पंखा बंद केला. त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रदर्शनात सगळे थबकून विचारत, हा कोण? बाबा हौसेने सांगत. नव्या टॉवरमधली एक बाई मुलीला कडेवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "काका, मग ह्यांचं पुढे काय झालं?"

"घरी गेला," बाबा म्हणाले. "पोरगा आलेला न्यायला."

भाऊ तिथेच वाकून कडेची रेघ सारखी करत होता. ती आधीच सरळ होती.

बाबा पुढे जूचंद्रच्या आमच्या घरातच, स्वतःच्या खाटेवर गेले. पुस्तकातला शेवट मला माहीत आहे. पण दिवाळीत अजूनही कुणी खानाची आठवण काढून पुढचं विचारतं, तेव्हा मी सांगते की पोरगा आला होता न्यायला.