सुखीबाईचं दुरून रडणं

दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यात सुखीबाईसारखी रडणारी दुसरी बाई नाही. आम्हा बंजाऱ्यांत दुःखाच्या घरी आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि दोघी सुरात, गेलेल्या माणसाच्या आठवणी जोडत जोडत रडतात. असं कित्येक घरांचं दुःख सुखीबाईनं आपल्या गळ्याशी घेतलं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा हरिसिंग गेला. त्याची सेवा तिनंच केली होती, आणि आता तीही खोकत होती. आशाताईनं बजावलं होतं, "ही बिमारी श्वासातून जाते. कोणाच्या जवळ जाऊ नको."

लेक बबिता वणीहून आली. तान्हं लेकरू तिनं नवऱ्याच्या हाती दिलं आणि हात पसरून धावली, "याडी!"

"थांब तिथंच!" आई ओसरीवरून ओरडली. तोंडावर मास्क, त्यावर पदर.

शेजारची म्हातारी कडाडली, "काय वं सुखी, पोटची पोर हाये का दारची भिकारीण?"

"पोटची हाये म्हणून तं थांबवून राह्यली, काकी. तिचं लेकरू अंगावर पिते." मग लेकीला म्हणाली, "लिंबाखाली बस, बाई. तिथून रड. मी इथून जोडते."

सुखीबाईनं हरिसिंगच्या नावानं सूर धरला. खोकल्यानं तो तुटला की बबिता उचलायची. एकदा खोकला थांबेना, तशी बबिता उठून ओसरीकडे निघाली. सुखीबाईनं खोकतच हात वर केला आणि तिला परत बसवलं.