तिसऱ्या नळाची बिअर

भोरमध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कुणी अंगात आल्याच्या, काही दिसल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो. आजही कदाचित हसेन... पण हे माझ्या डोळ्यांदेखत, भरदुपारी घडलंय, म्हणून लिहितोय. विश्वास ठेवा असा आग्रह नाही.

संतोष माझा शाळेपासूनचा मित्र. गाव हिर्डोशी. कापूरहोळजवळ हायवेला एक छोटा ब्रूपब आहे, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणारा बार; तिथली बिअर संतोष बनवायचा. घरी मात्र 'सरबताच्या कंपनीत आहे' असं सांगून ठेवलेलं. कारण त्याचे वडील, नाना, माळकरी. घरात दारूचं नाव काढलेलं चालायचं नाही. गेल्या दिवाळीनंतर संतोष झोपेतच गेला. हार्ट अटॅक. वय एक्केचाळीस. पबचा मालक प्रसाद त्याचं सामान द्यायला हिर्डोशीला गेला, तेव्हा कुठे नानांना खरं कळलं.

उन्हाळ्यात प्रसादचा फोन आला. संतोषने कृती लिहून ठेवलेल्या तीन नव्या बिअर त्याने बनवल्या होत्या. "गिऱ्हाइकांना द्यायच्या आधी आपण तिघं चाखू, त्याच्या आठवणीत." तिघं म्हणजे मी, प्रसाद आणि आमचा वर्गमित्र विजू. नानांच्या कानावर घालावं म्हणून मी सांगितलं, तर म्हणाले, "म्या बी येतो. पोरगं काय करत हुतं ते एकदा बघू दे."

रविवारी सकाळी अकराला पोचलो. पब अजून उघडायचा होता. नाना टेबलाच्या टोकाला, लिंबू सरबत पुढे घेऊन, अंग चोरून बसले. पहिली बिअर इंद्रायणी तांदळाची. हलकी, छान. दुसरीत जांभूळ. विजू संतोषचे किस्से सांगत होता, आम्ही हसत होतो.

नाना मात्र आमच्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या हाताला जी रिकामी खुर्ची होती, तिकडे मान जराशी तिरकी करून बसलेले — कमी ऐकू येणारा माणूस बसतो तसे. मला उगाच अस्वस्थ वाटायला लागलं.

"नाना, काय झालं?"

त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

प्रसाद तिसऱ्या नळाची बिअर घेऊन आला. नाचणीची. नाचणी हिर्डोशीचीच. "ही त्याची सगळ्यात लाडकी होती," तो म्हणाला. आम्ही ग्लास उचलले.

"गिलास खाली ठेवा."

नानांचा आवाज एवढा कडक मी कधीच ऐकला नव्हता. प्रसादला वाटलं, म्हाताऱ्याला आता सहन होईना. तो समजुतीने म्हणाला, "नाना, ही शेवटचीच..." विजूने तर ग्लास ओठाला लावलाच होता. नाना ताडकन उठले आणि त्यांनी विजूच्या हातावर फटका मारला. ग्लास फरशीवर फुटला.

"लाईनीत कॉस्टिक हाय म्हनतोय न्हवं!"

प्रसादचा चेहरा पांढराफटक पडला. नळापर्यंत बिअर आणणाऱ्या नळ्या, म्हणजे लाईनी, कॉस्टिक सोड्याने धुतात. नंतर ते पाण्याने नीट धुऊन काढलं नाही तर ते बिअरमध्ये उतरतं. वास नाही, रंग नाही... आणि घसा, अन्ननलिका भाजून निघते. प्रसाद पळत काउंटरमागे गेला आणि तपासायची कागदी पट्टी घेऊन आला. माझ्या ग्लासात बुडवली. पट्टी गर्द निळी झाली, म्हणजे कॉस्टिक होतंच.

"सकाळी मीच धूत होतो," तो खाली बसत म्हणाला. "मध्येच फोन आला... तिसरी लाईन पाण्याने धुऊन काढायची राहिली."

मी नानांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

ते माझ्याकडे नवलाने बघायला लागले. "म्हंजी? तुमी ऐकलं न्हाई? संतोष तीनदा म्हनला की. तुज्या शेजारनंच. तुमी कुनी ऐकंना, म्हनून मला उठावं लागलं."

"कॉस्टिक म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

"न्हाई बा. त्यो म्हनला तेच म्या म्हनलो."

नंतर मी पुष्कळ डोकं चालवलं. संतोष घरी कधी बोलला असेल? पण त्याने कामाचं खरं नावसुद्धा घरी काढलं नव्हतं. प्रसाद नानांसमोर काही बोलला असेल? तो शपथेवर नाही म्हणतो. लाईन धुताना तो एकटाच होता. आणि राहून गेलंय हे तर त्याचं त्यालाच आठवत नव्हतं.

नानांना सोडायला मी हिर्डोशीपर्यंत गाडी घेऊन गेलो. धरणाच्या पाण्याच्या कडेने चाललो होतो. नाना काचेकडे बघतच म्हणाले, "अविनाश, सा म्हैनं झालं. रोज वाट बगतो, एकदा तरी 'नाना' म्हनंल. आज आला... तर तुमच्याशीच बोलून गेला. माज्यावर लई रागावला आसंल का रं?"

त्या दिवशी पबमध्ये नेमकं काय झालं, यावर मी आता डोकं चालवत नाही. पण रात्री झोप लागत नाही ती नानांच्या प्रश्नाने.