गरम हाय का, बघ

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याला कंपनीच्या गेटवर होतो. "झोपेतच गेले रं," काकू म्हणाल्या आणि थोडं थांबून, "दोन्ही पायांनिशी गेले…" मला रडू आलं आणि खरं सांगतो, हायसंही वाटलं. आप्पा म्हणजे माझे चुलते, वैजापूरकडे जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. बरीच वर्षं झाली, बिडीनं त्यांच्या डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या. करंगळी काळी पडली, दुखण्यानं झोप उडाली, तेव्हा कुठं हा हट्टी माणूस शहरात माझ्याकडे आला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बंद रक्तवाहिनीत फुगा घालून रस्ता मोकळा केला, करंगळी काढून टाकली. पाय वाचला, एवढंच आम्हाला ऐकायचं होतं, आणि बाई नेमकं तेच सांगत नव्हत्या. "रक्त सुरू झालंय. ते पुरतंय का, हे पाऊलच सांगेल. आपलं आपण गरम राहिलं, जखम भरू लागली, तर वाचला. नाहीतर गुडघ्याखाली कापावा लागेल." तपासणीआधी पाऊल झाकायचं नाही, शेकायचं तर मुळीच नाही, अशी ताकीदही दिली. आप्पा खिडकीकडं बघत म्हणाले, "एका पायानं मेंढरं वळत नसतेत. पाय गेला तर कळप इकून टाका." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग रोज सकाळी बाई पावलाला हात लावायच्या आणि खूश व्हायच्या. गावाकडं पाय वाचल्याची बातमी पोचली, भावकीत पेढेही वाटून झाले. आणि एके सकाळी बाईंना पट्टीला चिकटलेली काळी लोकर दिसली. काकूंनी मुकाट्यानं पदराआडून घोंगडीचा तुकडा काढला. रोज उठल्यापासून त्या पाऊल त्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत आणि बाईंची चाहूल लागली की सोडत. "गारठलेलं कोकरू घोंगडीत घेतलं की उठतंय बाई," काकू म्हणाल्या, "ह्यो तर नुसता पाय हाय."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, मग मी इतके दिवस पाय तपासत होते की घोंगडी?"

पेढे आमच्या घशात अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्ही पावलं पंख्याखाली उघडी ठेवली. काकू वॉर्डबाहेर भिंतीकडं तोंड करून बसल्या. आप्पांनी स्वतः पायाला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. बाई आल्या. आधी उजवं पाऊल चाचपलं, मग डावं. हात काही काढेचनात… शेवटी म्हणाल्या, "याला घोंगडीची गरजच नव्हती." मी धावत जाऊन काकूंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच डाफरल्या, "मग म्या काय म्हणत व्हते?" आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या.

जखम हळूहळू भरली. आप्पांनी शिव्या देत बिडी सोडली आणि ते पुन्हा मेंढरांमागं गेले. एक खोड मात्र कायमची जडली. कुणी पाया पडलं की आधी म्हणायचे, "डाव्यावर हात ठिव. गरम हाय का, बघ." नव्या सुना गोंधळायच्या, पाहुणे हसायचे, पण "गरम हाय आप्पा" म्हटल्याशिवाय आशीर्वाद मिळत नसे. आम्ही सगळ्यांनी त्यांचा हा लाड वर्षानुवर्षं पुरवला.

गावी पोचलो तेव्हा काकूंनी आप्पांची दोन्ही पावलं घोंगडीत गुंडाळून ठेवली होती. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. मी वाकलो, लोकरीखाली हात घातला, डाव्या पावलावर ठेवला. "गरम हाय आप्पा," मी म्हणालो. काकू शेजारीच होत्या, त्यांनी मान हलवली.

आता महिना होऊन गेला. परवा गावाहून निघताना काकूंच्या पाया पडलो. हात सवयीनं डाव्या पावलावर रेंगाळला.

"माझा गरमच हाय रं," त्या म्हणाल्या. "ऊठ."