कॅन्टीनचा साबण

विलासच्या बायकोने कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. दाढीच्या साबणाची वडी, ब्रश, आफ्टरशेव्हची बाटली, तुरटीचा खडा. "तुमी फोनवर सांगितलं तसं समदं आणलंय," ती म्हणाली. विलास शेजारी खाली मान घालून बसला होता. गाल, जबडा, गळा लालबुंद, मधेमधे पाणी सुटलेलं. पाच महिन्यांपूर्वी तो अस्साच माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला बरं केलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

मी सांगलीत त्वचेची डॉक्टर आहे. विट्याकडचे गलाईवाले माझ्याकडे बरेच येतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी ऍसिड घालून शुद्ध करायचं काम. त्या भागातले पुरुष ही दुकानं घेऊन देशभर पसरलेत. विलासचं दुकान तमिळनाडूत होतं, चुलतभाऊ संजयबरोबर भागीत. भट्टी विलास बघायचा, गिऱ्हाईक संजय. वीस वर्षं असंच चाललं होतं.

दिवाळीला दोघे गावी आले तेव्हा संजयच त्याला माझ्याकडे घेऊन आला. काम काय करता, असं मी विचारलं. "गलाई" हा शब्द ऐकला आणि माझं निदान झालं. निदान झालं म्हणजे काय, तर मी बघायचं थांबवलं. त्याचाच मला आज राग येतो.

कारण सगळं समोर होतं. ऍसिडच्या वाफेने त्वचा बिघडली तर आधी पापण्या सुजतात, कपाळ सुटत नाही, आणि हात तर खराब होतातच. विलासच्या पापण्या ठीक होत्या. हात माझ्या हातांपेक्षा स्वच्छ होते. पुरळ फक्त वस्तरा फिरतो तेवढ्याच जागेवर होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला दाखवलं असतं तरी त्याने दाढीचं सामान मागितलं असतं.

बरं, विचारलं नाही म्हणावं तर तसंही नाही. केसपेपरवर प्रश्न छापलेलाच आहे. दाढीला काय वापरता? विलास म्हणाला, "कॅन्टीनचा साबण हाय मॅडम. दाजी फौजेत हाईत, सुट्टीला आलं की आणत्यात." मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला.

आमच्याकडे घराआड एक माणूस फौजेत. माझे वडीलही होते. मिलिटरी कॅन्टीनची वस्तू घरात आली की ती आधी पाहुण्यांना दाखवायची, मग वापरायची. तिच्यावर शंका घेणं म्हणजे आणणाऱ्यावर शंका घेणं. मी एवढी शिकले, पण ते काही डोक्यातून गेलं नव्हतं.

खात्री करायला पॅच टेस्ट असते. संशय असलेले पदार्थ थोडे थोडे पाठीवर पट्टीने चिकटवायचे, दोन दिवसांनी काढायचे, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. जिथे लाल उठलं तो गुन्हेगार. म्हणजे विट्याहून चार दिवसांत तीन फेऱ्या. त्यांची परतीची तिकिटं काढलेली होती. संजय म्हणाला, ऍसिडच असणार मॅडम, दुसरं काय असतंय, तुम्ही चिठ्ठी द्या म्हणजे घरची मंडळी ऐकतील. मी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, 'ऍसिडचे काम कायमचे बंद करावे.' 'तूर्त' लिहायला काय जात होतं माझं?

मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि त्वचा भरून येईपर्यंत दीड महिना दाढी करू नका म्हणून सांगितलं. विलास गावीच राहिला. दीड महिन्याने दाढी वाढवून आला. आतली कातडी लख्ख. सोबत पेढे. म्हणाला, भट्टी सुटली आणि बघा कसा बरा झालो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. भट्टी सुटली होती तशी दाढीही सुटली होती, पण श्रेय भट्टीला गेलं. मी पेढा खाल्ला. त्याने दुकानातला आपला हिस्सा संजयच्या नावावर करून दिल्याचं त्याच दिवशी सांगितलं. मला वाईट वाटलं, पण आपण योग्य तेच केलं असंही वाटलं.

मग पुतणीचं लग्न आलं. तोवर त्याने दाढी तशीच ठेवली होती. हळदीला आणि लग्नाला, सलग दोन दिवस, गडी गुळगुळीत दाढी करून मांडवात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तोंड फुललं. पाच महिन्यांत ऍसिडचा वासही घेतला नव्हता. त्याचा फोन आला तेव्हा मी जुना केसपेपर काढून वाचला आणि दाढीचं सगळं सामान घेऊन या म्हणून सांगितलं.

या वेळी टेस्ट केली. तिन्ही फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी पाठीवर दोन ठिकाणी लाल उठलं होतं, आफ्टरशेव्हच्या जागी आणि टेस्टच्या संचातल्या सुगंधी द्रव्याच्या जागी. साबणातही तोच सुगंध. सामानात खोट काहीच नव्हती. बाकीच्यांना चालतो तो सुगंध विलासला चालत नव्हता, एवढंच. बिनवासाचा साबण वापरला असता आणि आफ्टरशेव्ह सोडलं असतं तर तो आणखी वीस वर्षं भट्टीवर बसला असता.

हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "तुमी लिवून दिलं म्हणून सोडलं. न्हाईतर ह्यो मानूस मेला असता पर दुकान सोडलं नसतं."

विलास म्हणाला, आता दुसरी चिठ्ठी द्या, संजय तुमचं ऐकंल. मी दिली. शिवाय त्यांच्यासमोरच संजयला फोन लावून सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमची पयली चिठ्ठी मी लॅमिनेट करून ठेवलीया," तो म्हणाला. "तवाची खरी का आताची?"

"आताची."

"मग तवा कशाला दिली? भट्टीवर माजा मेहुणा बसलाय. त्याला आता कुठल्या चिठ्ठीनं उठवू?"

फोन त्यानेच ठेवला.

विलास आता आंध्रात आहे. दुसऱ्याच्या दुकानात, भट्टीवरच, नोकर म्हणून. चेहरा स्वच्छ असल्याचं त्याने एकदा फोटो पाठवून कळवलं. मी हल्ली तोंडाच्या पेशंटला आरशाखालची अख्खी फळी पिशवीत भरून आणायला लावते, आणि त्यात कॅन्टीनचं काही असेल तर आधी तेच बघते. लोकांना राग येतो. येऊ दे.

त्या दिवशी दुसरी चिठ्ठी घेऊन निघताना विलासच्या बायकोने टेस्टसाठी माझ्याकडे ठेवलेलं सामान पिशवीत भरलं. ब्रश, तुरटी, बाटली. साबणाची वडी मात्र टेबलावर तशीच राहिली होती. विसरली असेल म्हणून मी हाक मारली. "ऱ्हाऊ द्या तुमालाच," ती दारातून म्हणाली. वडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लेटरहेड काढायला ड्रॉवर उघडला की छान वास येतो.